भाकरी कशी खाता?

वाळूजच्या बजाजनगरात मला सगळे 'सिस्टर' म्हणूनच ओळखतात, अगदी मोरे चौकातला भाजीवालासुद्धा. शहरातल्या वॉर्डांमधल्या ड्युट्या करून झाल्या. आता वाळूज, रांजणगाव, वडगाव कोल्हाटी या पट्ट्यात घरोघरी जाते. नळ्या बघते, ड्रेसिंग करते, घरच्यांना नळीतून पातळ अन्न, म्हणजे फीड, द्यायला शिकवते. नर्सिंग शिकताना अन्ननलिकेचा धडा मला भलताच सोपा वाटला होता. घशापासून जठरापर्यंत जाणारी २५ सेंटिमीटरची नळी. ती काही पचवत नाही, काही साठवत नाही. वरून आलेलं खाली ढकललं की हिची सुट्टी. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्यापुढे हिला कोण विचारणार! मीही परीक्षेपुरतंच विचारलं. पुढे हिच्याच पेशंटांनी माझी शिकवणी घेतली. त्यातलं काही आठवेल तसं लिहिते.

१. अन्ननलिकेचा आजार आधी ताटात दिसतो, रिपोर्टात फार उशिरा.

'गिळायला त्रास होतो का?' असं विचारलं की आपल्याकडचा माणूस सरळ 'नाही' म्हणतो. त्याला ते खरंही वाटत असतं. म्हणून आता मी विचारते, "काका, भाकरी कशी खाता?" मग गोष्ट बाहेर येते. आधी मटण सुटलेलं असतं, दातांच्या नावाखाली. मग भाकरी रश्श्यात बुडवून, मग दुधात कुस्करून. भाकरीची पोळी होते, पोळीचा वरणभात, वरणभाताची पेज. प्रत्येक पायरीला कारण तयार असतं: यंदाची ज्वारी चांगली नाही, सुनेची भाकरी जाड होते, वय झालं. माणूस इतक्या बेताने स्वतःला बदलत जातो की आपण कुठून निघालो हेच तो विसरतो. अन्ननलिका तशी बरीच ताणते. आतली वाट साधारण १३ मिलिमीटरपर्यंत आवळत येईतो घट्ट घास अडल्याचं जाणवतसुद्धा नाही. म्हणजे भाकरी टोचायला लागली तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

हे सगळ्यात आधी कळतं ते जेवायला वाढणाऱ्या बाईला. पण ओपीडीत तिला कुणी विचारत नाही, ती फाईल धरून मागे उभी असते. एका मावशींनी मला सांगितलं, "दिवाळीपासून यांनी भाकरी मागितली नाही. मला वाटलं, माझ्यावर रुसलेत." त्या वाक्यात होता तेवढा इतिहास त्यांच्या जाड फाईलीतही नव्हता.

२. अन्नापेक्षा थुंकीने माणूस जास्त खचतो.

वाट फारच आवळली की स्वतःची लाळही खाली उतरत नाही. निरोगी माणूस दिवसभरात लिटरभर लाळ नकळत गिळून टाकतो. ती आता तोंडातच साठते, मग सतत थुंकत बसावं लागतं. बाबा पेट्रोल पंपाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात असाच एक पेशंट प्लास्टिकची डबी तोंडाशी धरून बसला होता. शेजारच्या प्रवाशाने सुनावलं, "आता तरी तंबाखू सोडा राव." त्याने ती केव्हाच सोडली होती. तो काहीच बोलला नाही. बोलायचं तर आधी थुंकावं लागलं असतं.

अशा पेशंटला झाकणाची डबी, रुमालांचा गठ्ठा, डोक्याकडे उंच पलंग आणि तोंडाची स्वच्छता एवढं हवं असतं. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून चार-सहा वेळा चूळ भरायची. 'तोंडाने काही जात नाही तर तोंड कशाला धुवायचं' असं घरच्यांना वाटतं, पण खाणं बंद झालेलं तोंडच लवकर बिघडतं. डबी पारदर्शक असू नये हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. एका पेशंटने आपल्या डबीला जुन्या कॅलेंडरचा कागद गुंडाळला होता, त्यावरून कळलं.

३. चार उशा म्हणजे उंच डोकं नव्हे.

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली आला. त्याच्यामागून कंपन्या आल्या आणि कंपन्यांच्या मागून आम्ही सगळे. तीन पाळ्यांवर चालणाऱ्या या वस्तीत जेवणाची वेळ अशी कुणाला नाहीच. सेकंड शिफ्टवाला रात्री बाराला गरम गरम जेवतो आणि साडेबाराला घोरायला लागतो. मग छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी, पहाटे ठसका. त्याचं नाव 'पित्त', आणि त्यावरचा इलाज मेडिकलवाल्याकडची गोळी. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू ढिला पडला की आम्ल वर येतं, आणि आडवं पडलं की त्याला उतार मिळतो. उशांच्या थप्पीने मान वाकते, पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो. उचलायचा असतो तो सगळा पलंगच. डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांच्या विटा ठेवायच्या, शेवटच्या जेवणानंतर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही आणि झोपताना डाव्या कुशीवर.

बजाजनगरात विटांना तोटा नाही, कुठे ना कुठे वरचा मजला चढतच असतो. अडचण वेगळीच येते. हॉल म्हणजे दहा बाय दहाची खोली आणि त्यात तो तिरपा पलंग. एका ताईंनी मला हळूच विचारलं, "मुलीला बघायला येणारेत, रविवारपुरत्या विटा काढल्या तर चालतील?" मी हो म्हणाले. सोमवारी त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं, विटा परत लावल्या आणि स्थळही जमलं. माझं म्हणाल तर मीसुद्धा रात्री अकराला जेवते आणि माझ्या पलंगाखाली अजून विटा नाहीत. सल्ला देणं मला फार चांगलं जमतं.

४. नळी घालण्यात कौशल्य कमी, ती सांभाळण्यात जास्त.

नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घ्यायचं आणि तेवढी नळी आत सरकवायची. हे डोळे मिटून जमायला लागलं की सिस्टरला आपण कुणीतरी आहोत असं वाटू लागतं. आमच्या वेळी नळी पोटात गेली की नाही हे बघायला सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकत. त्या गुडगुडीवर आमचा केवढा विश्वास! पण तसाच आवाज फुप्फुसात शिरलेल्या नळीतूनही येऊ शकतो. आता त्यावर विसंबत नाहीत. एक्स-रे काढतात किंवा आतलं पाणी ओढून त्याची आम्लता तपासतात. इतक्या वर्षांचा कानाचा अभिमान कागदाच्या एका पट्टीने उतरवला.

घरी आल्यावर नळीचा खरा शत्रू म्हणजे तुंबणं. फीडच्या आधी आणि नंतर ३० मिलिलिटर पाणी, फीड मलमलच्या कापडातून गाळून, आणि देताना पेशंट बसलेला किंवा निदान अर्धवट टेकलेला. गोळ्यांचं प्रकरण याहून नाजूक. एका घरी नळीला लसणाचा वास यायला लागला. शोध घेतला तेव्हा कळलं, आजी नातवाच्या गोळ्या खलबत्त्यात कुटत होत्या आणि त्यात आदल्या दिवशी चटणी झाली होती. त्यांना वेगळा खल घ्यायला सांगितलं. शिवाय ज्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात त्या कुटायच्याच नसतात. कुटल्या की औषध वाया जातं आणि नळीही अडते. कुठली गोळी कुटायची आणि कुठली नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदललेलं असतं.

५. उपवास पोटाचा नसतो, हे मला एका वारकऱ्याने पटवलं.

आमच्या शेजारी वाळूजचं पंढरपूर आहे, सगळे त्याला छोटे पंढरपूर म्हणतात. ज्यांना चंद्रभागेपर्यंत जाता येत नाही ते आषाढीला इथे येतात आणि त्या दिवशी इथला रस्ता माणसांनी भरून जातो. माझ्या एका माळकरी पेशंटला अन्ननलिकेचा कॅन्सर होता. पोटावरून थेट लहान आतड्यात घातलेली नळी, फीडिंग जेजुनोस्टोमी. तोंडाने काही नाही. सकाळी फीड लावायला गेले तर नळीवर हात ठेवून बसलेले.

"सिस्टर, आज एकादशी."

मी म्हणाले, "बाबा, तुम्ही महिनाभर जेवलाच नाहीत. हे जेवण थोडंच आहे?"

"जेवण नाही तर मग काय आहे?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांना मी कॅलरीचं गणित सांगू शकले असते, पण ते गणित त्यांनी विचारलंच नव्हतं. शेवटी सुनेने भगरीची पातळ पेज केली, दोनदा गाळली. आहारतज्ज्ञांना फोन करून दूध पावडर आणि साखर किती घालायची ते विचारलं. आतड्यात साठवायला जागा नसते, म्हणून थेंबथेंब सोडायची, नाहीतर जुलाब लागतात. बाटली वर टांगली. बाबांनी नळीकडे बघत हात जोडले आणि माझ्याकडे मान हलवली, चालू करा म्हणून. नळीतून चव लागत नाही हे मला पाठ होतं. तरी फीड संपल्यावर ते म्हणाले, "भगर बरी झाली होती." सून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हापासून नळीच्या पेशंटच्या घरी मी एक गोष्ट आवर्जून सांगते. घरचे जेवायला बसतील तेव्हाच यांची बाटली लावा आणि बाटलीत काय आहे ते यांना सांगा.

६. उपाशी माणसाला भरभरून वाढणं धोक्याचं असतं, हे आईला समजावणं सगळ्यात कठीण.

कित्येक आठवडे अन्न जवळजवळ बंद, मग नळी घातली जाते किंवा स्टेंट बसतो आणि वाट मोकळी होते. घरच्यांना वाटतं, आता सगळं भरून काढू. पण दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवात थोडक्याने, रक्त तपासत, रोज थोडं वाढवत. पुस्तकी भाषेत समजावून मी थकले. मग एकदा म्हणाले, "मावशी, तडे गेलेल्या रानात तुम्ही पाट फोडून पाणी सोडता का?" त्या वैजापूरकडच्या, दुष्काळ बघितलेल्या. लगेच उमगलं. मात्र कंपनी क्वार्टरमध्ये वाढलेल्या त्यांच्या मुलाला उमगलं नाही. त्याला फॉस्फेटच सांगावं लागलं.

७. प्रत्येक पेशंट तंबाखूवाला नसतो.

आपल्याकडे अन्ननलिकेच्या कॅन्सरमागे तंबाखू आणि दारू हे मोठे दोषी आहेतच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी रिकाम्या पुड्या रस्त्यावर दिसतात. पण वर सांगितलेल्या माळकरी बाबांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती आणि नातेवाईक मात्र येऊन 'तंबाखू खात असतील हो' असं कुजबुजत. बाबांना हा आजार का झाला ते मला सांगता येणार नाही. एक मात्र आहे. ६५ अंशांहून गरम पेयं कॅन्सरला कारण ठरण्याची शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ साली सांगितलं. ते वाचलं तेव्हा चहा बशीत ओतून, फुंकर मारून पिणारे माझे आजोबा आठवले. आम्ही भावंडं त्यांना हसायचो.

८. 'मनाचं असेल' हे निदान सगळ्यांत स्वस्त पडतं.

कंपनीच्या प्रेस शॉपमधला एक तरुण मुलगा. घास गिळताना उठून उभा राहायचा, वर ग्लासभर पाणी, पाठ ताणायचा. रात्री झोपेत खोकला, उशीवर सकाळी जेवणाचे कण, तेही न पचलेले. वजन उतरलेलं. मेसमध्ये त्याची नक्कल व्हायची. घरच्यांनी लग्न ठरवलं, म्हणजे 'मन रमेल'. निघाला अॅकलेशिया: अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैलच पडत नाही आणि वरच्या भागाची ढकलण्याची ताकदही गेलेली. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६७४ साली अशाच पेशंटला व्हेलच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून दिला होता, त्याने स्वतः घास खाली ढकलायचा. १९१३ मध्ये जर्मनीत हेलर यांनी तो स्नायू शस्त्रक्रियेने कापला. २००८ मध्ये जपानच्या इनोउए यांनी तोंडातून दुर्बीण घालून तेच काम केलं. आपल्या मोठ्या शहरांतही आता ते होतं. या मुलाचंही तसंच झालं. नंतर आला तेव्हा पेढ्यांऐवजी मिसळीचं पार्सल घेऊन आला आणि माझ्यासमोर बसून त्यानेच निम्मी खाल्ली. मी चमचे मोजत बसले नाही, पण नजर हटत नव्हती.

९. कोल्ड्रिंकच्या बाटलीत अॅसिड ठेवू नका.

हा धडा मला लहानच लिहायचा आहे, कारण त्यातली माणसं लहान असतात किंवा फार एकटी. फरशी आणि संडास साफ करायचं अॅसिड सुटं आणलं जातं, रिकाम्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून मोरीत ठेवलं जातं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुट्या अॅसिडच्या विक्रीवर बंधनं घातली, मोरीतल्या बाटलीवर ती चालत नाहीत. कुणाच्या पोटात ते गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. खाली उतरताना जेवढं भाजतं तेवढंच वर येताना पुन्हा भाजतं. तडक दवाखान्यात न्या, बाटली बरोबर घ्या. जखम भरते तेव्हा अन्ननलिका आवळते, मग महिनोन्‌महिने पुन्हापुन्हा रुंद करून घ्यावी लागते. आणि ज्यांनी ते जाणूनबुजून घेतलेलं असतं त्यांना 'का केलंस?' असं खाटेभोवती उभं राहून विचारू नका. वॉर्डात मी अशा मुलीशेजारी बसून नुसती तिच्या ओठांना व्हॅसलीन लावायची. बोलायचं असेल तर ती मुलगी आपणहून बोलते. बोलली की मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलवायचं, हेही त्याच उपचारातलं.

१०. काही वेळा सिस्टरचं शहाणपण म्हणजे हात मागे घेणं.

अन्ननलिकेचा भाग काढून जठर वर ओढून जोडतात, त्या पेशंटची नाकातली नळी निसटली तर ती आपण परत घालायची नसते. आंधळेपणाने सरकवलेली नळी ताजा जोड फाडू शकते. एरवी नळी घालण्यात पटाईत असलेल्या हातांना ही शिक्षाच. नळी चिकटपट्टीने नीट बांधा, निसटली तर सर्जनला कळवा, नाडी-ताप बघा. नाडी पळायला लागली, ताप चढला, छातीच्या ड्रेनमधलं पाणी गढूळ झालं, तर जोड गळत असण्याची शंका आधी घ्यायची.

याच्या उलट प्रकार दारूने यकृत गेलेल्यांचा. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात आणि रक्ताची उलटी होते. आता दुर्बिणीने रबरी बँड बांधतात. ते जमेपर्यंत कधी फुग्याची नळी आत फुगवून रक्त दाबून धरतात. त्या खाटेच्या उशाशी कात्री टांगलेली असते. फुगा सरकून श्वास अडला तर विचार न करता नळी कापायची. मला ती कात्री कधी वापरावी लागली नाही, पण ड्युटीवर आल्याबरोबर आधी ती जागेवर आहे का ते बघायची सवय लागली. अजून घरी कात्री जागेवर नसली की माझं डोकं फिरतं. मुलांना कारण माहीत नाही.

११. लोक उशिरा येतात, आणि त्यात नेहमी त्यांचाच दोष नसतो.

सुट्टी टाकली की पगार कापला जातो, कंत्राटी असला तर कामच जातं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात लांब रांग, म्हणून आधी गल्लीतला डॉक्टर, मग पित्ताची गोळी, मग गावाकडचा काढा. तोवर भाकरीची पेज झालेली असते. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आणि बुलढाणा-जळगावकडूनही माणसं येतात. त्यांतल्या कितीतरी जणांना वाळूजच्या आम्हा लोकांइतकं अंतर असतं तर ते आधी आले असते.

म्हणून शेजारधर्माने सांगते. घास अडकतोय, भाकरी टोचतेय, वजन कारणाशिवाय उतरतंय, असं दोन-तीन आठवडे चाललं तर पित्ताच्या गोळ्यांवर थांबू नका. घाटीत किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा. जाताना घरात जेवायला वाढणाऱ्या माणसाला सोबत न्या. आधार कार्ड आणि रेशन कार्डही घ्या, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी लागतात. दुर्बिणीच्या आधी सहा ते आठ तास पोट रिकामं लागतं, त्यामुळे शक्यतो सकाळचीच वेळ मागून घ्या.